टॅब्लेट स्कॅनर निवडताना: कोकणातल्या गॅरेजसाठी पायरीपायरीने

टॅब्लेट स्कॅनर म्हणजे गाडीतल्या संगणकांनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. त्याच्या माहितीपत्रकावर शंभरावर कंपन्यांची नावं आणि तीसेक स्पेशल फंक्शनं छापलेली असतात. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण दापोली, कणकवली किंवा सावंतवाडीच्या गॅरेजात वर्षाला जर्मन गाड्या किती येतात आणि बोलेरो-वॅगनआर किती, यावर तुमचा पैसा वसूल होणार की नाही हे ठरतं. त्यामुळे माहितीपत्रकं शेजारीशेजारी ठेवून स्कॅनरची तुलना होत नाही. ती तुमच्याच आवारात, तुमच्याच गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर, एकच काम दोन्ही उपकरणांना करायला लावून करायची असते. ती कशी करायची ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी वही काढा

मागच्या तीन महिन्यांची जॉबकार्डं घ्या आणि चार रकान्यांत उतरवा: गाडी, वर्ष, इंधन, तक्रार. वर्षाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष, त्यांचीच पुढची पायरी बीएस ६) गाड्यांना ओबीडी २ चं, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ठरलेल्या पद्धतीने नोंदवण्याचं, बंधन एप्रिल २०१३ पासून आलं, बीएस ४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये, बीएस ६ एप्रिल २०२० मध्ये आणि त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये. म्हणजे २०१०-१२ च्या गाडीला स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट दिसलं तरी ती साध्या जनरिक ओबीडीला उत्तर देईलच असं नाही. तिथे त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर टॅब्लेटमध्ये असावं लागतं. उलट, अगदी नव्या काही गाड्यांत सिक्युरिटी गेटवे असतो. त्या कोड वाचू देतात, पण कोड पुसायला किंवा पार्ट चालवून बघायला गेलं की इंटरनेटवरून अधिकृत लॉगिनची परवानगी मागतात.

वहीतून चाचणीसाठी तीन गाड्या निवडा. एक जुनी, के-लाइनवर (स्कॅनरशी बोलायची जुनी, संथ लाइन) बोलणारी पेट्रोल गाडी. एक डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली बीएस ६ डिझेल. आणि एक नवी पेट्रोल किंवा सीएनजी, जिच्यात एबीएस, एअरबॅग, इलेक्ट्रिक स्टिअरिंग सगळं आहे. डेमो द्यायला येणारा माणूस स्वतःची गाडी घेऊन आला तर चहा पाजा, पण चाचणी या तीन गाड्यांवरच करायला सांगा. त्याच्या गाडीवर त्याचा स्कॅनर चालणारच.

टॅब्लेटच्या मागे काय असतं

नवशिक्यांचा एक गोंधळ आधी मिटवू. स्कॅनर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरचा पडदा म्हणजे टॅब्लेट, बहुतेक वेळा अँड्रॉइडवर चालणारा. गाडीच्या सॉकेटात बसते ती डबी, म्हणजे व्हीसीआय. गाडीशी खरं बोलणं तीच करते. तिसरी गोष्ट प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर, आणि किमतीतला मोठा भाग याचाच. पडदा मोठा आहे, कॅमेरा चांगला आहे म्हणून स्कॅनर चांगला ठरत नाही. व्हीसीआयला के-लाइन, कॅन, कॅन एफडी आणि नव्या गाड्यांसाठी डीओआयपी या गाडीशी बोलायच्या पद्धतींतलं काय काय समजतं, हे विचारा. मालवाहू ट्रक-बसची कामं घेत असाल तर ती डबी २४ व्होल्टवर चालते का, हेही.

बाजारात मिळणाऱ्या ईएलएम ३२७ प्रकारच्या छोट्या ब्लूटूथ डबीवर आणि मोबाइलच्या ॲपवर इंजिनचे कोड आणि थोडा लाइव्ह डेटा दिसतो. मूळ चिप बनवणारी कॅनडातली एल्म इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि स्वस्तात मिळतात त्या बहुतेक नकला. गाडीमालकाला हौसेसाठी ठीक. पण एबीएस, एअरबॅग, डीपीएफ, इंजेक्टर कोडिंग यासाठी गॅरेजने तिच्यावर भिस्त ठेवू नये. लांब संदेश आला की नक्कल केलेली चिप मधलेच तुकडे गाळते आणि मग चुकीचा आकडा खरा समजून पार्ट बदलला जातो.

टॅब्लेटांमध्ये ऑटेल, लाँच, एक्सटूल, थिंककार ही नावं गॅरेजांत जास्त ऐकू येतात. बॉशचं केटीएस हे संगणकाला जोडून ईएसआयट्रॉनिक सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात कोडबरोबर दोष शोधायच्या पायऱ्या आणि वायरिंगच्या आकृत्या मिळतात. टेक्सा आणि हेला गुटमन हेही त्याच वर्गातले, महाग आणि युरोपीय गाड्यांत तरबेज. कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरं वेगळीच: ह्युंदाईचं जीडीएस, टोयोटाचं टेकस्ट्रीम, फोक्सवॅगनचं ओडिस. ती त्या एकाच कंपनीला खोलवर वाचतात.

सरमिसळ गाड्या येणाऱ्या कोकणातल्या गॅरेजाने सुरुवात मधल्या दर्जाच्या टॅब्लेटपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. सगळ्या सिस्टिम वाचणारा, ॲक्च्युएशन टेस्ट (स्कॅनरवरून पार्ट चालवून बघणं) देणारा आणि मारुती, महिंद्रा, टाटा, ह्युंदाई यांची सॉफ्टवेअरं पूर्ण असलेला. ईसीएम (इंजिनचा संगणक) प्रोग्रॅमिंगसाठीचा जे २५३४ चा जोड पहिल्या दिवशी घेऊ नका. त्याला लागणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि स्थिर वीज यांची तयारी आधी लागते.

डेमोच्या दिवशी: क्रम

पहिली पायरी मल्टिमीटरची, स्कॅनरची नाही. गाडी बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी. भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. चावी ऑन ठेवून अर्धा तास स्कॅनिंग केलं की अशक्त बॅटरी खाली बसते आणि मग नसलेले व्होल्टेजचे कोड उमटतात. चार्जर लावूनच बसा.

मग सॉकेट तपासा. पिन १६ वर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ, म्हणजे मायनस. १६ आणि ४ यांच्यात बॅटरीइतकेच व्होल्ट आले पाहिजेत. काहीच आलं नाही तर फ्यूज बघा. अनेक गाड्यांत तो रूमलाइट किंवा लायटर सॉकेटबरोबर सामायिक असतो. पावर असूनही संवाद होत नसेल तर बॅटरीचा मायनस काढा, चार-पाच मिनिटं थांबा आणि पिन ६ व १४ यांच्यात ओहम मोजा. कॅन लाइन नीट असेल तर साधारण ६० ओहम दिसतात, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा त्याकडे जाणारी वायर तुटली. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. हे तीन आकडे माहीत असले की "स्कॅनर खराब आहे" असं म्हणायची वेळ फार कमी येते. सॉकेटाच्या पिना सैल झाल्या असतील तर तेही याच वेळी कळतं. जाड मल्टिमीटर प्रोब पिनेत खुपसू नका, भोक कायमचं रुंद होतं.

दुसरी पायरी: व्हीआयएन. टॅब्लेटने स्वतःहून चासी नंबर वाचला तर तो गाडीवरच्या पट्टीशी आणि आरसीशी ताडून पहा. मारुतीचा नंबर बहुधा एमए३ ने, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने, महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो. नंबर वाचला नाही आणि गाडी हाताने निवडावी लागली तर किती पायऱ्या लागल्या ते लिहा. यादीत तुमच्या गाडीचं नेमकं इंजिन सापडलं की "जवळपासचं" निवडावं लागलं, हेही लिहा. जवळपासचं मॉडेल निवडून मिळालेल्या लाइव्ह डेटावर विश्वास ठेवू नये. आकडे दिसतात, पण मोजपट्टी दुसऱ्या गाडीची असते.

तिसरी पायरी: पूर्ण स्कॅन. मोबाइलवर वेळ लावा. किती मॉड्यूल (एकेका सिस्टिमचे छोटे संगणक) सापडली, किती मिनिटं लागली आणि दुसऱ्या स्कॅनरला तेवढीच सापडली का? इथे एक बारकावा आहे. मॉड्यूल गाडीत बसवलेलंच नाही, की आहे पण उत्तर देत नाही, हे काही सॉफ्टवेअर वेगवेगळं दाखवतात आणि काही सगळ्यांना एकच शब्द लावतात. वेगळं दाखवणारं घ्या. पाणी शिरलेल्या गाडीत हाच फरक कामाचा असतो.

चौथी पायरी: कोड आणि फ्रीझ फ्रेम. कोडचं पहिलं अक्षर सिस्टिम सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे चासी आणि ब्रेक, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलांचं आपापसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खास. त्या खास कोडचं वर्णन टॅब्लेटने पूर्ण दिलं, की नुसता "कंपनीचा कोड" म्हणून सोडून दिला? आणि कोड पडला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं, किती फेरे, किती लोड, हे फ्रीझ फ्रेममध्ये निघतं का? ते आधी वहीत उतरवा, फोटो काढा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम गेली आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का याची नोंद) पुन्हा कोरे झाले. नवीन हाताकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच: दिवा विझवायच्या घाईत पहिलं बटण "क्लिअर" चं दाबलं जातं.

पाचवी पायरी: लाइव्ह डेटा. इथे दोन स्कॅनरांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून वेळ द्या. जुन्या के-लाइन गाडीचा वेग सेकंदाला १०.४ किलोबिट, तर कॅनचा ५०० किलोबिट. त्यामुळे के-लाइनवर तीस आकडे एकदम उघडले तर प्रत्येक आकडा कित्येक सेकंदांनी हलतो आणि क्षणिक दोष निसटतो. चार-पाचच निवडा. स्कॅनर हवे तेवढेच आकडे निवडू देतो का, चार आलेख एकावर एक ठेवतो का, रेकॉर्डिंग करून नंतर मागे-पुढे सरकवता येतं का, हे बघा.

चाचणीसाठी सोपा प्रयोग: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. कूलंट आणि हवेचं तापमान दोन्ही बाहेरच्या हवेशी दोन-चार अंशांत जुळलं पाहिजे. कूलंट २७, हवा २८ आणि बाहेरही २८ असेल तर सेन्सर ठीक. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला. १३० च्या वर दाखवत असेल तर शॉर्ट. पेट्रोल गाडी गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) पहा. शॉर्ट आणि लाँग मिळून अधिक-उणे १० टक्क्यांत असावा. आयडलला अधिक २० आणि अडीच हजार फेऱ्यांना खाली उतरत असेल तर इनटेकच्या बाजूने हवा गळते आहे. पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) कोड दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर मागवण्याआधी हे बघणं पाच मिनिटांचं काम आहे.

सहावी पायरी: ॲक्च्युएशन. रेडिएटर फॅन, फ्युएल पंप, पर्ज व्हॉल्व्ह, एकेक इंजेक्टर बंद करणं. फॅन चालू करण्याआधी हात आणि फडका लांब ठेवा, तो न सांगता पूर्ण वेगाने फिरतो. एकच पार्ट दोन्ही स्कॅनरांनी चालवून बघा. यादीत नाव असणं आणि पार्ट प्रत्यक्ष हलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

सातवी पायरी: स्पेशल फंक्शन. तीसपैकी कामाची साताठच: सर्व्हिस रीसेट, थ्रॉटल साफ केल्यावरचं लर्निंग, स्टिअरिंग अँगल कॅलिब्रेशन, इलेक्ट्रिक हँडब्रेक मागे घेणं, एबीएसमधली हवा काढणं, डीपीएफ रीजनरेशन (काजळी जाळून फिल्टर साफ करणं), इंजेक्टर कोडिंग. इंजेक्टर बदलला की त्याच्या डोक्यावर कोरलेला अंक-अक्षरांचा कोड ईसीएमला द्यावा लागतो. तो न दिल्यास गाडी चालते, पण आयडलला थरथरते आणि धूर मारते. इमोबिलायझर आणि चावीचं काम आरसी व मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय हातात घेऊ नका, त्या दोन्हींची प्रत जॉबकार्डला जोडा.

आठवी पायरी बरेच जण विसरतात. वायफाय बंद करा आणि वरचं सगळं पुन्हा करून बघा. आंबोली किंवा करूळ घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी नेटवर्क मिळेलच असं नाही. काही सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतात आणि नेट नसेल तर आत जाऊच देत नाहीत. असा स्कॅनर रस्त्यावरच्या कामाला निरुपयोगी.

प्रत्येक पायरीपुढे तीनच शब्दांपैकी एक लिहा: झालं, अर्धवट, नाही. गुण देत बसू नका. तुमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेल्या तक्रारींपुढे "नाही" पडलं असेल तर बाकी कितीही "झालं" असलं तरी तो स्कॅनर तुमचा नाही.

पैशाचा हिशेब

किंमत एकदाच मोजू नका, तीन वर्षांची मोजा. यंत्र, पहिल्या मुदतीनंतरचा वार्षिक अपडेट आणि कपलर-केबलचे जास्तीचे पैसे. डीलरला हे लेखी विचारा: अपडेटची मुदत संपल्यावर आहे ते सॉफ्टवेअर तसंच चालू राहील, की स्कॅनर कुलूपबंद होईल? बहुतेक टॅब्लेट जुन्या आवृत्तीवर चालू राहतात, पण इंटरनेटवरची फंक्शनं, म्हणजे गेटवे उघडणं किंवा ऑनलाइन कोडिंग, बंद होतात. परदेशातून किंवा अनोळखी वेबसाइटवरून स्वस्तात मागवलेली यंत्रं काही वेळा दुसऱ्या देशासाठी बांधलेली असतात. ती इथे अपडेट घेत नाहीत आणि भारतीय गाड्यांची सॉफ्टवेअरं त्यांत नसतात. जीएसटी बिल, यंत्राचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला आणि देशातच दुरुस्ती होईल याची लेखी हमी, एवढं तरी घ्याच. "क्रॅक" केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. ते अर्ध्या प्रोग्रॅमिंगमध्ये थांबलं तर गिऱ्हाइकाचा ईसीएम तुमच्या माथी.

अपडेट कधी टाकायचा, यालाही इथे वेळ-काळ आहे. गणपतीच्या आधीचे आठ दिवस चाकरमान्यांच्या गाड्यांनी आवार भरलेलं असतं आणि मोबाइल नेटवर्क तुंबलेलं असतं. अपडेट श्रावणात, दुपारच्या निवांत वेळी करा. नवीन आवृत्ती आली की आधी तुमच्या तीन चाचणी-गाड्यांपैकी एकीवर चालवून बघा. अपडेटने एखादं फंक्शन बिघडण्याचे प्रकार घडतात.

कोड खरा, पण पार्ट निर्दोष

किनाऱ्यावरच्या गाड्यांत स्कॅनर चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की बांधावी. स्कॅनर त्या सर्किटची तक्रार सांगतो, मेलेला पार्ट दाखवत नाही. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथे सेन्सरआधी कपलर आणि अर्थ पॉइंट मरतात.

उदाहरण म्हणून एबीएसचा दिवा घ्या. कोड आला सी००३५, पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. सेन्सर मागवण्याआधी लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग एका आलेखावर ठेवा आणि शेजारी माणूस बसवून गाडी सरळ रस्त्यावर २० च्या वेगाने न्या, मग हळूहळू थांबवा. डावी रेघ मुळातच नसेल तर वायर किंवा सेन्सर. पण रेघ बाकी तिघींबरोबर नीट चालते आणि ताशी आठ-दहाच्या खाली एकदम शून्यावर पडते, असं दिसलं तर सेन्सर काढून त्याच्या बसायच्या जागेत बोट फिरवा. तांबड्या मातीत मिसळलेला गंज पापुद्र्यासारखा फुगून सेन्सरला बाहेर ढकलतो, अंतर वाढतं आणि कमी वेगाला सिग्नल तोकडा पडतो. पॉलिश पेपरने जागा साफ करून, थोडं ग्रीस लावून तोच सेन्सर परत बसवला की काम होतं.

कपलर उघडल्यावर काय दिसतं तेही नीट पहा. आत हिरवा-निळसर चूर्णासारखा थर असेल तर तो तांब्याचा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, वाळू द्या, मग पिन घट्ट बसते का ते तपासा. पिन काळी पडून बारीक झाली असेल तर साफ करून उपयोग नाही, पिनच बदला. वायर बाहेरून ठीक दिसते आणि आवरणाच्या आत दोन-तीन इंच हिरवी झालेली असते. दाबून पाहिलं की भुसभुशीत लागते. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडा, सोल्डर करा, वर हीटश्रिंक घाला. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पुढच्या आषाढात परत येईल.

एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड आले, तर पाच-सहा पार्ट गेलेत असं समजू नका. इंजिनवरचा, बॉडीवरचा आणि बॅटरीजवळचा अर्थ उघडा. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यातला व्होल्टेज ड्रॉप मोजा. ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. आगोटीआधी, मे महिन्यात, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे अर्थ पॉइंट साफ करून व्हॅसलीन लावलं की पावसातली निम्मी डोकेदुखी जाते. आणि इंजिन कव्हरखाली आधी डोकावा: आंब्याच्या बागेत किंवा गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदराने वायर कुरतडणं हे इथलं नित्याचं कारण आहे. यू०१०० सारखा कोड, म्हणजे इंजिन ईसीएमशी संपर्क तुटला, त्याचं मूळ कित्येकदा दोन दातांच्या खुणांत सापडतं.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय चिपळूणला सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात तिथे असंख्य गाड्या पाण्यात होत्या. अशी गाडी आली तर चावी ऑन करून स्कॅनर लावणं ही पहिली पायरी नाही. आधी बॅटरी काढा, कार्पेट आणि सीट काढून पाणी निपटा, खालचे सगळे कपलर उघडून गोड्या पाण्याने, मग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळवा. मगच बॅटरी आणि पूर्ण स्कॅन. सीटखालचा पिवळा कपलर एअरबॅगचा असतो, त्याला मल्टिमीटर लावू नका. जुनी गाडी विकत घेण्याआधी तपासायला कोणी आणली तर याच जागा उघडून बघा. कोड पुसून आणलेली गाडी असली तरी रेडिनेस मॉनिटर कोरे दिसतात आणि कार्पेटखालचा गाळ लपत नाही.

डीपीएफ: बटण दाबण्याआधी

गावातल्या गावात, पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या बीएस ६ डिझेल गाड्यांत डीपीएफ तुंबतो, कारण आतली काजळी जळायला लागणारं साडेपाचशे-सहाशे अंश तापमान कधी गाठलंच जात नाही. पी२४६३ कोड आणि लाइव्ह डेटात काजळीचं प्रमाण वाढलेलं दिसलं की स्कॅनरमधून फोर्स रीजनरेशन करण्याचा मोह होतो. थांबा. आधी ऑइलची पातळी पहा, ती खुणेच्या वर चढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळलं आहे, आधी ऑइल बदला. डीपीएफच्या दोन बाजूंचा दाबफरक आयडलला किती ते लिहा. ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत पाठवणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर किंवा टर्बोचे कोड उभे असतील तर ते आधी मिटवा. नाहीतर जाळलेला डीपीएफ पंधरा दिवसांत परत भरतो. काजळीचं प्रमाण कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर असेल तर रीजनरेशन करू नका, आत आग इतकी भडकते की फिल्टर तडकतो.

गाडी कुठे उभी करता यालाही महत्त्व आहे. काजूच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली पातेरा पडलेला असतो, उन्हाळ्यात कातळावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं. सायलेन्सरच्या तोंडातून निघणारी हवा ते पेटवायला पुरेशी आहे. सिमेंटच्या किंवा झाडून घेतलेल्या मोकळ्या जागेत, शेडबाहेर उभी करा, अग्निशामक जवळ ठेवा आणि पूर्ण वेळ गाडीपाशी थांबा. शक्य असेल तर मालकाला सांगा, आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं ताशी साठच्या आसपास सलग चालव. गाडी आपलं आपण साफ करते.

वीज आणि यंत्राची निगा

कोडिंग किंवा प्रोग्रॅमिंग करताना ब्लूटूथ नको, व्हीसीआय केबलने जोडा. गाडीला प्रोग्रॅमिंगसाठीचा स्थिर पुरवठा लावा, साधारण १३.५ व्होल्ट. साधा चार्जर चालत नाही, त्याच्या व्होल्टेजमध्ये लहरी असतात. पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून चांगली भरलेली गाडीची बॅटरी, टॅब्लेटचं चार्जिंग ८० टक्क्यांच्या वर आणि राउटर इन्व्हर्टरवर, या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय सुरू करू नका. ढग गडगडायला लागले असतील तर काम उद्यावर ढकला. गाडीचा फॅन, दिवे, एसी सगळं बंद ठेवा आणि मध्ये दार उघडबंद करू नका. दार उघडलं की मॉड्यूलं जागी होतात आणि करंट ओढतात.

टॅब्लेट आणि व्हीसीआय झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला, पावसाळ्यात तर नक्कीच. ओल्या गाडीतून काढलेली केबल तशीच गुंडाळून ठेवू नका. चार्जिंगच्या पोर्टला रबराची टोपी असेल ती लावायची सवय करा. पहिला बिघाड बहुधा तिथेच येतो, आणि तो गंजाचा असतो.

स्कॅनर आल्यावर पहिला महिनाभर दिवा न लागलेल्या, निरोगी गाड्यांवरही पूर्ण स्कॅन करा. सर्व्हिसिंगला आलेली प्रत्येक गाडी गरम आयडलला असताना फेरे, कूलंट, हवेचा प्रवाह, फ्युएल ट्रिम आणि डिझेल असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीतला दाब), एवढं रेकॉर्ड करून गाडीचं नाव, वर्ष आणि किलोमीटर लिहून ठेवा. कॉमन रेलचा गरम आयडलचा दाब साधारण २५० ते ३५० बारच्या दरम्यान दिसेल, पण तुमच्या बोलेरोंचा नेमका किती हे त्या पंधरावीस नोंदींतूनच कळेल. पुढे एखादी गाडी पिकअप घेत नाही म्हणून आली की त्याच इंजिनची निरोगी नोंद उघडा आणि दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवा.